बबलची हवेची गादी : बाजेवर, मे महिन्यात आणि लाईट गेल्यावर

दवाखान्यातून सुट्टी होताना कागदाच्या तळाशी एक ओळ असते : एअर बेड वापरावा. घरातलं कुणीतरी जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या सर्जिकल दुकानात जातं आणि खोका घेऊन येतं. गादी पसरली, पंपाची पिन बोर्डात घातली की सगळ्यांच्या जिवाला बरं वाटतं. दहा-बारा दिवसांनी अंग पुसताना माकडहाडावर काळपट डाग दिसतो, म्हणजे बेडसोर, एकाच जागी दाब राहून होणारी जखम, आणि बोल गादीला लागतो. गादी बहुतेक वेळा चांगलीच असते. ती कशावर अंथरली, तिच्यावर काय काय घातलं आणि पंपावरचं हवेचा दाब कमी-जास्त करायचं बटण कुठे ठेवलं, यात घोळ झालेला असतो.

ज्या गादीबद्दल हे लिहितो आहोत ती सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी बबलची गादी. किंमत साधारण दोन ते साडेतीन हजार रुपये. अमुक कंपनीचीच घ्या असं सांगण्यासारखं फारसं नाही, कारण या भावातल्या गाद्या एकाच ठशाच्या असतात. फरक पडतो तो प्लास्टिकच्या जाडीत आणि पंपाच्या दमात. आमचं मत स्पष्ट आहे : अंथरुणाला खिळलेल्या, ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा माणसासाठी ही गादी पहिल्या दिवसापासून घ्यावी, जखम होण्याची वाट पाहू नये. पण जखम खोल गेली असेल तर या गादीवर विसंबू नये.

खोक्यात मुख्य तीन गोष्टी निघतात. एक फिकट रंगाचं प्लास्टिक, साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, त्यावर सव्वाशेच्या आसपास फुगे, प्रत्येक फुगा अडीच इंच उंच. एक पंप, डब्याएवढा, मागे दोन हूक. आणि दोन नळ्या. फुगे दोन गटांत विभागलेले असतात, एका नळीचे आणि दुसऱ्या नळीचे. एका गटात हवा भरली की दुसऱ्यातली उतरते आणि साधारण दहा-बारा मिनिटांनी पाळी बदलते. म्हणजे पाठीचा जो भाग आत्ता दाबला गेलाय, तो थोड्या वेळाने मोकळा होतो. सारं काम एवढंच, आणि ते फार मोलाचं आहे. हाडावरच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला मिटायला लागतात, असा वैद्यकातला जुना आकडा आहे. थकलेल्या, बारीक झालेल्या म्हाताऱ्या शरीरात त्याहून कमी दाबही पुरतो. तासन् तास रक्त पोचलं नाही की कातडी आतून मरते, आणि वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पंपाच्या आत एक चुंबक सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी थरथरतं आणि रबरी पडदे ढकलून हवा देतं. पाळी बदलायचं काम दुसरी एक चिमुकली मोटर करते. हे दोन वेगळे भाग आहेत, हे लक्षात ठेवा. बिघाड ओळखताना उपयोगी पडतं.

बाजेवर ही गादी चालत नाही

खानदेशात, विशेषतः गावाकडे, म्हातारं माणूस बाजेवरच झोपतं. वर्षानुवर्षांची सवय असते, ओसरीत बाज टाकली की बाबांना रस्ता दिसतो, येणारा-जाणारा हाक मारतो. सुंभाची असो की नवारीची, बाजेला मध्ये झोळ असतो. त्या झोळात हवेची गादी टाकली की कमरेखालचे फुगे पूर्ण दबतात, कडेचे उगाच फुगलेले राहतात आणि माकडहाड थेट सुंभावर टेकतं. गादी अंथरूनही जखम झाली अशा घरांत हे कारण फार वेळा सापडतं.

उपाय खर्चिक नाही. बाजेवर किंवा लोखंडी पट्ट्यांच्या पलंगावर १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा, सहा बाय तीन फुटांचा, टाकायचा आणि सुतळीने चारही कोपऱ्यांना बांधायचा. १२ मिलिमीटरचा प्लाय जड माणसाखाली वाकतो. प्लायवर चार इंचांची फोमची किंवा नीट पिंजून भरलेली कापसाची गादी, आणि त्याच्यावर हवेची गादी, फुगे वरच्या बाजूला ठेवून. हवेची गादी ही वरची गादी आहे. नुसत्या फळीवर किंवा फरशीवर टाकायची नाही. कापसाच्या जुन्या गादीत गोळे झाले असतील तर ती पिंजाऱ्याकडून आधी करून घ्या, कारण अडीच इंचांची हवा गोळा लपवत नाही.

डोक्याकडे आणि पायाकडे प्लास्टिकचे लांब पदर असतात, ते खालच्या गादीखाली खोचायचे. नळ्यांचं तोंड पायाकडे येईल असं अंथरायचं. पंप पायाकडच्या दांडीला हुकाने टांगायचा. बाजेला हूक बसत नसेल तर पायाशी स्टुलावर ठेवा, खाली फरशीवर नको : तिथे पोछ्याचं पाणी येतं, लघवी सांडते, धूळ ओढली जाते. धाब्याच्या घरात वरून माती झडत असते. तिथे पंपावर फडका टाकायचा मोह होतो. पंप झाकला तर तापतो. त्यापेक्षा तो अशा जागी टांगा जिथे माती पडत नाही, आणि मागची हवा ओढायची जाळी पंधरवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा.

बटण कुठे ठेवायचं

पहिल्यांदा हवा भरताना बटण शेवटपर्यंत ठेवायचं. रिकामी गादी भरायला अर्धा तास लागू शकतो. माणसाला त्यानंतरच वर घ्यायचं. मग बटण वजनाप्रमाणे खाली आणायचं. काही पंपांवर किलोचे आकडे असतात, काहींवर नुसतं 'मऊ-कडक'. आकडे असले तरी त्यांच्यावर जाऊ नका, हाताने तपासा.

तपासणी अशी. पेशंट उताणा आहे. हवेची गादी आणि तिच्या खालची गादी यांच्यामध्ये, कमरेच्या खाली, हात सरळ घाला, तळवा वर. माकडहाडाच्या बरोबर खाली येईपर्यंत सरकवा. बोटांना वर हवेची एक जाडी लागली पाहिजे, किमान एक इंच. हाड जाणवत नाही, नुसती लवचीक हवा आहे, म्हणजे ठीक. हाडाचा कठीणपणा बोटांवर टेकला तर बटण एक खूण वर न्या, पंधरा मिनिटं थांबा, परत हात घाला. दोन्ही पाळ्यांमध्ये तपासायचं, म्हणून एकूण अर्धा तास जातो. हे पहिल्या दिवशी, मग आठवड्यातून एकदा, आणि गादी मऊ वाटली की लगेच. बटण पूर्ण वर असूनही हाड टेकत असेल तर तीनच कारणं असतात : खालचा आधार झोळ देतोय, कुठेतरी हवा गळतेय, किंवा माणसाचं वजन या गादीला झेपणारं नाही.

याच्या उलटी चूक जास्त घरांत दिसते. 'कडक असली की जास्त आधार' असं समजून बटण कायम शेवटाला ठेवलेलं असतं. चाळीस-पंचेचाळीस किलोची आजी अशा गादीवर बुडतच नाही. ती फुग्यांच्या टोकांवर तरंगते, शरीराचा भार मोजक्या टोकांवर येतो. तिला टोचतं, ती तक्रार करते, आणि घरचे तिच्या सोयीसाठी वर गोधडी अंथरतात. तिथे गादीचा उपयोग संपला. टोचतंय म्हटलं की आधी बटण खाली करा.

बसवून जेवू घालताना सारा भार बसण्याच्या जागेवर येतो आणि तिथले फुगे दबतात. म्हणून जेवणापुरतं बटण एक-दोन खुणा वर, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं म्हणजे ठसका लागत नाही, मग पाठ खाली आणि बटण परत जागेवर. एरवी डोक्याकडची बाजू तीस अंशांपेक्षा वर ठेवू नका. जास्त उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड खाली सरकतं, आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. नुसत्या दाबापेक्षा ही ओढ जास्त घातक असते आणि कुठलीही गादी ती थांबवत नाही. वर घेताना बगलेत हात घालून ओढू नका. कमरेखाली आडवी दुहेरी चादर टाका, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरा आणि उचलून वर घ्या.

वर काय अंथरायचं

एक सुती चादर, सैल. बस्स. जुनं धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर असेल तर सर्वांत उत्तम. चादर कडेने ताणून खोचली की ती झोळीसारखी ताठ होते आणि फुगे खाली-वर होऊनही अंगाला कळत नाही. लघवीवर ताबा नसेल तर एक पातळ अंडरपॅड चालेल. मेणकापड, रेक्झिन, वर गोधडी, वर सतरंजी, वर डायपर अशी चळत लागली की दोन हजारांची गादी आणि साधी गादी यात काही फरक उरत नाही. अंथरुणात असताना डायपर शक्यतो उघडा, खाली नुसता पसरलेला ठेवा; घट्ट बांधला की आत ओल साचते.

खानदेशातल्या उन्हाळ्यात ही ओलच मुख्य शत्रू होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि या गादीचं प्लास्टिक घाम शोषत नाही, त्यातून वाराही जात नाही. पाठ घामाने भिजून पांढुरकी, मऊ पडते, आणि अशी कातडी जराशा घर्षणाने सोलते. मार्च ते जून चादर दिवसातून तीन-चार वेळा बदलायची तयारी ठेवा, म्हणजे पाच-सहा चादरी हाताशी हव्यात. कूस बदलली की उघडी पडलेली पाठ पाच मिनिटं पंख्याच्या वाऱ्यावर राहू द्या. कोरड्या उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर चांगला चालतो. त्याचा झोत पंपावर येणार नाही असा ठेवा, कारण त्यातून पाण्याचे तुषार उडतात. पावडर फासू नका. घामात तिचे गोळे होतात आणि घडीत जाऊन कातडी घासतात. ओल लागणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा किंवा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात पुरे.

थंडीत उलटं होतं. धुळ्याला पारा एक अंकी झाला की प्लास्टिक आणि त्यातली हवा गार लागते. तेव्हाही गोधडी अंगावर घाला, अंगाखाली नको.

अंगावरचे कपडेही बघा. पाठीवर गाठ येणारी नाडी, बंडीची बटणं, करगोटा, साडीचा कमरेतला बोळा, मांडीखालून गेलेली लघवीची नळी : कूस बदलताना कातडीवर ज्याचा ठसा उमटलेला दिसतो ते सगळं काढायचं किंवा हलवायचं. साडीची पिन आणि काचेच्या बांगड्या गादीच्याही वैरी आहेत.

लाईट गेली तर

पंप सात ते दहा वॅटचा असतो. दिवसरात्र चालवला तरी महिन्याला सात-साडेसात युनिटच्या पुढे जात नाही. म्हणून 'दिवसा बंद, रात्री चालू' अशी काटकसर करू नका. माणूस गादीवर आहे तोवर पंप चालू राहिला पाहिजे. रात्री त्याची घरघर झोपमोड करते म्हणून बंद करणारेही असतात. घरघर बहुधा दांडीला हूक कडकडल्यामुळे येते. हूक आणि दांडीमध्ये कापडाची घडी घातली की ती निम्म्याने कमी होते.

इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्यावर खुशाल चालवा, पंख्याच्या मानाने तो काहीच ओढत नाही. स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंप जास्त गुणगुणतो. गुणगुण चालेल, पण फार तापत असेल तर तासन् तास सलग चालवू नका. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की पंपाचा दम कमी होतो आणि गादी मऊ पडते; अशा वेळी एकदा हात घालून बघा.

वीज गेली की बबल गादीतली हवा पंपाच्या वाटेने हळूहळू निघून जाते. दोन्ही नळ्या पंपातून न काढता गादीजवळ दुमडायच्या आणि रबराने किंवा कपड्यांच्या चिमट्याने घट्ट आवळायच्या. हवा काही तास टिकते. पण आता पाळी बदलत नाही, म्हणजे ती फक्त फुगवलेली गादी आहे, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं पूर्णपणे तुमच्या हातावर आहे. वीज आली की नळ्या सोडायला विसरू नका. दुमडलेल्या नळीवर पंप रेटत राहिला तर पडदे फाटतात.

गावठाणातल्या घरांचं यात भागतं. वावरात, मळ्यात राहणाऱ्यांचं नाही. शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच वीज असते, आणि तीही कधी दिवसाची कधी रात्रीची. तिथे इन्व्हर्टर नसेल तर आम्ही ही गादी घ्या म्हणणार नाही. त्याच पैशांत थोडी भर घालून पाच-सहा इंचांची चांगल्या प्रतीची एच. आर. (दाबल्यावर परत उसळणाऱ्या) फोमची गादी घ्या आणि कुशी काटेकोर बदला. जुनेजाणते डॉक्टर अजून 'वॉटर बेड' म्हणतात. पाण्याच्या गादीला वीज लागत नाही हे खरं, पण भरल्यावर तिचं वजन बाजेच्या आवाक्याबाहेरचं असतं आणि तिच्यावर माणसाला वळवणं दोघांनाही जड जातं.

गादी आणली तरी कूस बदलायचीच

दुकानात 'आता वळवायची गरज नाही' असं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. पहिला आठवडा दर दोन तासांनी कूस बदला. कातडी निरोगी राहत असेल तर रात्रीचं अंतर तीन, फार तर चार तासांवर नेता येतं; गादीने दिलेली खरी सवलत ती एवढीच, आणि रात्री जागणाऱ्या सुनेला किंवा मुलाला तीही थोडी नाही. पूर्ण कुशीवर आडवं करू नका, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचा कल द्या, दोन गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी.

टाचा मात्र या गादीवर सुरक्षित नसतात. पाय हलका, टाच टोकदार, सारा भार सुपारीएवढ्या जागेवर. पोटरीखाली लांबट उशी अशी द्या की टाच हवेत तरंगेल आणि तिच्याखालून कागद सहज सरकेल. मधुमेह असेल तर हे रोज न चुकता. रबराची किंवा कापडाची गोल रिंग माकडहाडाखाली ठेवायची जुनी पद्धत आहे, ती सोडा. रिंगची कड भोवतालचा रक्तप्रवाह दाबते आणि मधली जागा सुजते.

रोज सकाळी अंग पुसताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपरे, पाठीचे मणके आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघा. लाल जागा दिसली तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. फिकी पडून परत लाल झाली तर वेळ हातात आहे : त्या जागेवरचा भार काढा, दोन तासांनी परत बघा. दाबूनही लालच राहिली तर तो बेडसोरचा पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे जागा जांभळट, गरम किंवा आजूबाजूपेक्षा टणक लागते, म्हणून डोळ्यांइतकाच हात फिरवा. अशा जागेवर चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही, बल्बचा शेक तर मुळीच नाही.

कातडी फाटली, काळी-पिवळी खपली धरली, वास येतो, ताप आहे किंवा जखमेत बोट जाईल एवढा खड्डा आहे, तर घरगुती मलम लावत बसू नका. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, सर्जनला दाखवा. आणि अशा जखमेला बबलऐवजी ट्यूबची गादी लागते. तिच्यात फुग्यांऐवजी सतरा ते वीस आडव्या नळ्या असतात, उंची चार-पाच इंच, पंप मोठा, एखादी नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. किंमत सहा-सात हजारांपासून पुढे. माणूस नव्वद किलोच्या वर असेल किंवा आजारपण वर्षानुवर्षांचं दिसत असेल तर पहिल्यापासून तीच घ्यावी. पुन्हा पुन्हा बबल घेण्यापेक्षा स्वस्त पडते. मणक्याचं हाड मोडलेलं असेल तर कुठलीच हलती गादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गादीसोबत ताटही बघा. बेडसोरच्या पेशंटला दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या माणसाला साठ-पंचाहत्तर ग्रॅम. नुसत्या पातळ वरणभातावर एवढं होत नाही. अंडं खात असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढंच. त्याखेरीज घट्ट मुगाचं वरण, उडदाची डाळ, दही, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतील.

घेताना आणि नंतर

दुकानात खोका उघडायला लावा. पंप लावून दोन्ही नळ्यांच्या तोंडांवर बोट ठेवा. एका नळीतून हवा येते, दुसरीतून नाही, असं दिसेल. दहा-बारा मिनिटं दुकानातच बसा. पाळी बदलून दुसरीतून हवा आली की पंप घ्या. गर्दीच्या दुकानदाराला हे आवडत नाही, पण पाळी न बदलणारा पंप बाहेरून चांगल्या पंपासारखाच आवाज करतो आणि घरी कुणाच्या लक्षातही येत नाही. फुग्यांच्या कडेच्या शिवणी उजेडाकडे धरून बघा. पंपावर बहुधा वर्षाची हमी असते, प्लास्टिकवर फार कमी. पक्कं बिल घ्या, पिन तीन दांड्यांची आहे का आणि घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते बघा.

आपल्याकडे एका घरातलं माणूस गेलं की गादी नात्यात दुसऱ्या घरी जाते. पंप जरूर घ्या, तपासून. प्लास्टिक मात्र नवीन आणा, आधीच्या पेशंटला जखम असेल तर नक्कीच. पंप सारखा असला तर नुसती गादीही काही दुकानांत मिळते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी ओलांडलेल्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदा तीन हजार रुपये मिळतात, पण ती चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी आहे. गादीचा हिशोब तिच्यावर बांधू नका.

बिघाडाचं थोडक्यात. सगळीच गादी मऊ : नळी पलंगाच्या पायाखाली दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, मग पडदा फाटला असेल. निम्मे फुगे कायम कडक आणि निम्मे कायम ढिले : पाळी बदलणारी मोटर गेली. एकाच गटातले फुगे त्यांच्या पाळीलाही मऊ : पंक्चर. पंक्चर शोधायला साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडा येईल तिथे खूण करा, हवा काढून जागा पुसून कोरडी करा, खोक्यातली पट्टी तिच्यासोबतच्या डिंकाने चिकटवा, रात्रभर जड वस्तूखाली ठेवा. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन या प्लास्टिकवर धरत नाही. त्या रात्रीसाठी खाली चांगली फोमची गादी असावी.

पुसायला साबणाचं पाणी पुरतं. जखमेचा स्राव लागला असेल तर चार टक्क्यांचं हायपोक्लोराईट (जंतुनाशक) एक लिटर पाण्यात २५ मिलिलिटर, त्याने पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. फिनाईल, स्पिरिट नको. वाळवायला सावलीत, आपल्या उन्हात एक दुपार काढली की प्लास्टिक ताठरतं आणि शिवणीवर तडकतं.

दोन धोके गादीवर लिहिलेले नसतात. अडीच इंच उंची वाढते आणि कड मऊ असते. जो माणूस थोडंफार उठून बसतो तो कडेवर बसला की घसरून पडतो. त्याला उठवायचं असेल तेव्हा बटण पूर्ण वर करा, आणि बाजूला कठडा किंवा भिंत ठेवा. दुसरा विडीचा. बाबांची विडी सुटलेली नसेल तर ती गादीवर ओढू देऊ नका. खुर्चीत बसवून, शेजारी उभं राहून ओढू द्या.